एनएफएलचा ड्राफ्ट: सगळ्यांत जास्त हरलेल्या संघाला पहिली पाळी का मिळते?

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत तीन दिवस एक कार्यक्रम चालतो. त्यात सामना होत नाही, चेंडू कुणी फेकत नाही. व्यासपीठावर येऊन एक माणूस नाव वाचतो आणि काही मिनिटांनी पुढचं नाव वाचतो, एवढंच. तरीही २०२४ साली डेट्रॉइटमध्ये हे बघायला तीन दिवसांत साडेसात लाखांहून जास्त लोक आले होते. नोकरीसाठी नव्याने तिकडे गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषय ऐकू येत नाही. तिसरा क्रमांक देऊन पुढच्या वर्षीची पहिली फेरी घेतली, अमुक मुलगा पाचव्या फेरीपर्यंत घसरला, अशी वाक्यं कानावर पडतात आणि अर्थ काही लागत नाही. खेळाचे नियम माहीत नसले तरी ड्राफ्ट समजतो, कारण तो मुळात हक्कांचा आणि पगाराचा व्यवहार आहे.

पाया: कोण, कुणाला, किती

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यात ३२ संघ आहेत. आपल्याकडच्या क्रिकेटसारखा जिल्हा, राज्य, मग देश असा जिना तिथे नाही. मुलं शाळेत खेळतात, मग कॉलेजकडून खेळतात, आणि कॉलेज हीच व्यावसायिक संघांची रोपवाटिका असते. दर वर्षी कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंचं वाटप संघांमध्ये करण्याची पद्धत म्हणजे ड्राफ्ट.

तो सात फेऱ्यांचा असतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाची एक पाळी, म्हणजे मूळ पाळ्या २२४. त्यात भरपाईच्या पाळ्या मिळवल्या जातात. आदल्या वर्षी ज्या संघाने करार संपलेले जितके खेळाडू मिळवले त्याहून मोठे गमावले, त्याला तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी अशा जादा पाळ्या मिळतात. २०२५ मध्ये ग्रीन बे इथे झालेल्या ड्राफ्टमध्ये सगळं धरून २५७ खेळाडू निवडले गेले. गुरुवारी रात्री पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या चार.

पात्रतेची मुख्य अट एकच: शाळा सोडून किमान तीन वर्षं झालेली हवीत.

हा लिलाव नव्हे

आयपीएलमुळे आपली समजूत अशी की खेळाडू विकत घ्यायचे म्हणजे बोली लावायची. ड्राफ्टमध्ये बोली नसते. गल्लीत दोन कप्तान आळीपाळीने भिडू निवडतात, तसं इथे ३२ कप्तान आळीपाळीने निवडतात. नाव घेतलं की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क फक्त त्या संघाचा. बाकीच्या ३१ संघांची दारं त्याला बंद.

ही पद्धत आपण पाहिलेलीही आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान निलंबित असताना पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आले, तेव्हा त्या दोघांनी आळीपाळीने खेळाडू निवडले. पहिली पाळी पुण्याची होती, त्यांनी धोनी घेतला. राजकोटने रैना. मग पुण्याने अजिंक्य रहाणे. पहिल्या पाळीचा पगारही आधीच ठरलेला होता, साडेबारा कोटी. धोनीसाठी आणखी जास्त देण्याची तयारी राजकोटची असती तरी उपयोग नव्हता, कारण पाळी पुण्याची होती. एवढं लक्षात आलं की ड्राफ्टचा गाभा समजला.

हरलेल्याला पहिला मान

१९३५ सालपर्यंत कॉलेजमधून बाहेर पडणारा खेळाडू हव्या त्या संघाशी करार करू शकत होता. साहजिकच चांगले खेळाडू पैसा आणि नाव असलेल्या संघांकडे जात आणि तेच तेच संघ जिंकत. फिलाडेल्फिया ईगल्स हा दुबळा संघ होता. त्याचे मालक बर्ट बेल यांनी प्रस्ताव मांडला की सगळ्या खेळाडूंची एक यादी करू, आणि शेवटच्या क्रमांकाचा संघ पहिला निवडेल. बलवान संघांनीही तो मान्य केला. एकतर्फी सामने बघायला लोक येत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या. पहिली पाळी अर्थात ईगल्सची. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला निवडलं, त्याच्यावरचा हक्क नंतर शिकागो बेअर्सला दिला, आणि बरवँगरने पैसे पुरेसे नाहीत म्हणून व्यावसायिक फुटबॉल खेळायचंच नाकारलं. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला खेळाडू एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

आजचा क्रम असा लागतो. ३२ पैकी १४ संघ बाद फेरीत जातात. उरलेले १८ पहिल्या १८ पाळ्यांचे मानकरी, सगळ्यांत वाईट कामगिरी असलेला सगळ्यांत आधी. १९ ते २४ बाद फेरीच्या पहिल्या आठवड्यात हरलेल्यांना, २५ ते २८ दुसऱ्या आठवड्यात हरलेल्यांना, २९ आणि ३० उपांत्य फेरीत हरलेल्यांना. ३१वी पाळी अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, हरलेल्याची आणि ३२वी विजेत्याची. दोन संघांचे विजय-पराजय सारखे असतील तर ज्याचे प्रतिस्पर्धी तुलनेने कमकुवत होते त्याला आधी पाळी, कारण सोप्या सामन्यांतही तो हरला म्हणजे तोच जास्त दुबळा.

घड्याळ लागल्यावर

टीव्हीवर दिसतो तो समारंभ. निर्णय होतो संघाच्या मुख्यालयातल्या बंद खोलीत. तिथे भिंतभर फलक असतो. उभ्या रांगा मैदानावरच्या जागांप्रमाणे आणि त्या रांगेत वरून खाली संघाने स्वतः दिलेल्या दर्जाप्रमाणे नावं. ज्याच्या गुडघ्याच्या तपासणीत डॉक्टरांना शंका आली, त्याच्या नावावर खूण. हा फलक ड्राफ्टच्या काही दिवस आधीच पक्का केला जातो. ऐनवेळी वाद घालून त्यातली नावं वरखाली करायची नाहीत, असा शहाण्या संघांचा दंडक आहे.

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निर्णयाला १० मिनिटं होती, दुसऱ्या फेरीत ७, तिसरी ते सहावी ५ आणि सातवीत ४. नाव ठरलं की समारंभाच्या ठिकाणी बसलेल्या संघाच्या प्रतिनिधीला कळवलं जातं. तो कार्डावर खेळाडूचं नाव, जागा आणि कॉलेज लिहून लीगच्या माणसाकडे देतो. कार्ड दिलं की निवड पक्की.

वेळ संपली तर पाळी रद्द होत नाही, पण मागचा संघ पुढे घुसू शकतो. २००३ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जची सातवी पाळी होती. ते बाल्टिमोरशी अदलाबदलीच्या बोलण्यात गुंतले, ती वेळेत नोंदवली गेली नाही आणि मुदत संपली. जॅक्सनव्हिल आणि कॅरोलायना या दोन संघांनी मधल्या मधे आपापली कार्डं देऊन टाकली. वायकिंग्जना नवव्या क्रमांकावर निवड करावी लागली. सुदैवाने त्यांनी तेव्हा घेतलेला केव्हिन विल्यम्स पुढे त्यांचा मोठा खेळाडू ठरला.

पाळी मौल्यवान का? पगार बघा

ड्राफ्टच्या बातम्यांत हा भाग बहुधा राहून जातो. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

एनएफएलमध्ये पगारमर्यादा असते. एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा याची ही कमाल रक्कम, आणि ती सगळ्या संघांना सारखी. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी एका खेळाडूवर जास्त गेले की दुसऱ्यासाठी कमी उरतात.

२०१० पर्यंत नवखे खेळाडू घासाघीस करून पगार ठरवत. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या मुलाला हा पगार, तो मुलगा अपयशी ठरला तर संघ काही वर्षं अडकून पडायचा. दुबळ्या संघाला मदत म्हणून दिलेली पाळी त्याच्याच गळ्यातला धोंडा होऊ शकत होती. २०११ मध्ये खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातल्या नव्या करारात नवख्यांचे पगार पाळीच्या क्रमांकाला बांधून टाकले गेले. त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा करार चार वर्षांचा, सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला.

आता निवडलेल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचवं वर्ष वाढवण्याचा पर्याय संघाच्या हातात. पहिले तीन हंगाम संपेपर्यंत करार नव्याने ठरवायला बंदी. तेव्हा खेळाडू चांगला निघाला तर संघाला तो किमान तीन-चार वर्षं बाजारभावाच्या कितीतरी खाली मिळतो. पाळीची खरी किंमत ही आहे.

ब्रॉक पर्डीचं उदाहरण घ्या. २०२२ च्या ड्राफ्टमधला तो शेवटचा, २६२वा खेळाडू. तो क्वार्टरबॅक आहे, म्हणजे प्रत्येक डाव सुरू झाल्यावर चेंडू हातात घेऊन पुढची चाल ठरवणारा, संघातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या जागेवरचा खेळाडू. २०२३ च्या हंगामात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलं, आणि त्या हंगामाचा त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. मे २०२५ मध्ये त्याचा नवा करार झाला, पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख. साठपट. त्या स्वस्त वर्षांत उरलेला पैसा संघाने बाकीच्या तगड्या खेळाडूंवर लावला होता.

खेळाडूच्या बाजूने हेच गणित उलटं दिसतं. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड याला चार वर्षांचे सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलर मिळाले. पहिल्या फेरीत जाईल असं अनेकांनी भाकीत केलेला शेडूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४व्या क्रमांकावर घसरला आणि त्याचा करार सुमारे ४६ लाखांचा झाला. दोन दिवस ही बातमी गाजली, त्यामागे हा दसपटीचा फरक होता.

पाळ्यांचा बाजार

पाळी विकता येत नाही, पण बदलता येते. पाळीच्या बदल्यात पाळी, खेळाडू, किंवा पुढच्या वर्षांच्या पाळ्या. हा सौदा तोलायचा कसा? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या संघाने एक गुणतक्ता वापरात आणला. पहिल्या पाळीला ३००० गुण, दुसरीला २६००, दहावीला १३००, सोळावीला १०००, बत्तिसावीला ५९०. दोन्ही बाजूंचे गुण जमले की सौदा रास्त. आज संघांचे स्वतःचे सुधारलेले तक्ते आहेत, पण मूळ कल्पना तीच.

यातून सोनंही निघतं. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने २७व्या पाळीवरून दहावीवर येण्यासाठी बफलोला आपली तिसऱ्या फेरीची पाळी आणि २०१८ च्या पहिल्या फेरीची पाळी जादा दिली. दहाव्या क्रमांकावर त्यांनी घेतलेल्या पॅट्रिक माहोम्सने पुढे त्यांना तीन सुपर बोल जिंकून दिले.

आणि हात पोळतात तेही असेच. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सना पहिला क्रमांक हवा होता, तो शिकागोकडे होता. कॅरोलायनाने नववी पाळी, ६१वी पाळी, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि डी. जे. मूर हा आपला चांगला खेळाडू असं सगळं देऊन ब्राइस यंगला निवडलं. त्या हंगामात कॅरोलायनाने १७ पैकी फक्त दोन सामने जिंकले. म्हणजे २०२४ ची पहिली पाळी त्यांचीच झाली असती, पण ती तर शिकागोला देऊन बसले होते. शिकागोने त्या पाळीवर केलेब विल्यम्सला घेतलं. पुढच्या वर्षीची पाळी देताना संघ गृहीत धरतो की आपण सुधारू, ती पाळी विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाची असेल. तो अंदाज चुकला की दिलेल्या पाळीची किंमत अनेक पट वाढते.

“दुबळ्यांना इतकी मदत मिळते, मग काही संघ कायम तळाशी कसे?” या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. ड्राफ्ट आधी निवडण्याची संधी देतो. पारख देत नाही, आणि धीर तर नाहीच.

पारख इतकी अवघड का

तयारीत कसर नसते. संघांचे निरीक्षक आदल्या ऑगस्टपासून कॉलेजं पालथी घालतात. फेब्रुवारीच्या अखेरीस तीनशेहून अधिक खेळाडूंना इंडियानापोलिसला बोलावून तपासलं जातं: ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव, २२५ पौंड वजन छातीवरून किती वेळा उचलतो, उभ्या जागेवरून उडी, वळणांची धाव. संघांना त्यात सगळ्यांत मोलाची वाटते वैद्यकीय तपासणी आणि समोर बसून केलेली मुलाखत. त्यांच्याशिवाय जुन्या दुखापतीचं खरं रूप किंवा मुलाची खेळाची समज कळत नाही.

तरी चुका होतातच. कॉलेजमध्ये समोर उभे असलेले बहुतेक बचावपटू पुढे व्यावसायिक खेळणारच नसतात, त्यामुळे तिथली चमक किती खरी हे ओळखणं कठीण. मोजता येतं तेवढंच जास्त धरलं जातं. टॉम ब्रेडीला ४० यार्डांना ५.२८ सेकंद लागले होते, क्वार्टरबॅकच्या मानानेही मंद. २००० साली तो सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर गेला आणि पुढे सात सुपर बोल जिंकला. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी पाळ्यांचा अभ्यास करून दाखवलं की एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त असते. सर्वांत वरच्या पाळ्यांसाठी संघ गरजेपेक्षा जास्त मोजतात, हाही त्यांचा निष्कर्ष. एका नावावर सगळं लावण्यापेक्षा जास्त पाळ्या जमवणं बहुधा शहाणपणाचं, असा त्याचा अर्थ मी घेते.

सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये नेमकं उलट केलं. बाराव्यावरून तिसऱ्या पाळीवर येऊन ट्रे लान्सला घेण्यासाठी त्यांनी २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्या आणि २०२२ ची एक तिसऱ्या फेरीची पाळी देऊन टाकली. लान्स दुखापतींमुळे मागे पडला. त्याची जागा शेवटी घेतली ती २६२व्या पर्डीने.

“मग मुद्दाम हरावं की!”

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने याच भीतीने पहिल्या काही पाळ्या सोडतीने ठरवायला सुरुवात केली. एनएफएलमध्ये सोडत नाही. मैदानावरचा खेळाडू मात्र मुद्दाम हरत नाही, त्याला कारण आहे. त्याच्या कराराचा बराचसा पैसा हमीचा नसतो, तो खराब खेळला तर पुढच्या वर्षी त्यालाच काढतील, आणि तेही कदाचित त्याच पाळीवर आलेल्या नवख्यासाठी. प्रशिक्षकाची नोकरीही जाते. शिवाय बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात, एक माणूस संघ बदलू शकतो. इथे आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगळे. हंगाम वाया गेल्यावर जायबंदी खेळाडूला घाईने मैदानात न आणणं, एवढं व्यवस्थापन करतं.

“मुलाला विचारतो कोण?”

कुणी नाही. बावीस वर्षांच्या पदवीधराला सांगायचं की या शहरात, या मालकाकडे, या ठरलेल्या पगारात चार वर्षं काम कर, नाहीतर हा व्यवसायच करू नकोस. दुसऱ्या कुठल्या नोकरीत हे कुणी चालवून घेतलं नसतं, आणि न्यायालयानेही एकदा तसंच म्हटलं. जेम्स स्मिथ या खेळाडूची कारकीर्द १९६८ च्या पहिल्याच हंगामात मानेच्या दुखापतीने संपली. खुल्या बाजारात आपल्याला जास्त संरक्षण मिळवता आलं असतं, असा दावा त्याने लावला, आणि १९७० च्या दशकात न्यायालयांनी तेव्हाचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला. मग तो आज कसा चालतो? १९७७ पासून तो खेळाडू संघटना आणि मालक यांच्या सामूहिक कराराचा भाग आहे आणि अशा करारांना स्पर्धा कायद्यातून सूट मिळते. तीन वर्षांच्या अटीला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने २००३ मध्ये आव्हान दिलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या सोनिया सोटोमायोर तेव्हा अपील न्यायालयात होत्या. २००४ मध्ये त्यांनी लिहिलेला निकाल लीगच्या बाजूने लागला.

यातली बोचरी बाब अशी की हा करार करणारी संघटना आज खेळणाऱ्यांची असते. उद्या येणारी मुलं तिची सभासद नसतात, आणि २०११ मध्ये कात्री लागली ती त्यांच्याच पगाराला.

नाही म्हणण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे न खेळणं. ज्याच्याकडे ताकद आहे त्यालाच तो परवडतो. जॉन एल्वेने १९८३ मध्ये आपण बेसबॉलकडे जाऊ अशी धमकी दिली, तेव्हा बाल्टिमोरने त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं. बो जॅक्सनने १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडणाऱ्या टँपा बेला नकार दिला आणि खरोखर बेसबॉल खेळला. ईलाय मॅनिंगला २००४ मध्ये सॅन दिएगोकडे जायचं नव्हतं, त्यांनी निवडलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सला दिलं. पाचव्या फेरीतल्या मुलाला असलं काही करता येत नाही.

ज्यांचं नाव येत नाही

सातवी फेरी संपताच फोन सुरू होतात. न निवडलेले खेळाडू मोकळे असतात, कोणत्याही संघाशी तीन वर्षांचा करार करू शकतात. सातव्या फेरीच्या शेवटी निवडलं जाण्यापेक्षा हे कधी कधी बरं, कारण आपल्या जागेवर गर्दी कमी असलेला संघ शोधता येतो. उन्हाळ्यात प्रत्येक संघ ९० जण ठेवू शकतो, ऑगस्टच्या अखेरीस ते ५३ वर आणावे लागतात. कर्ट वॉर्नर आणि टोनी रोमो हे नावाजलेले क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये कुणी निवडलेच नव्हते.

निकाल कधी कळतो

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं प्रत्येक संघाला श्रेणी देतात. त्या वाचू नयेत असं नाही, पण त्या फक्त पाळीच्या किमतीच्या तुलनेत कोण मिळालं एवढंच सांगतात. पहिल्या फेरीचा पहिला खरा निकाल तीन हंगामांनंतर, मे महिन्याच्या सुरुवातीला लागतो, कारण पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही हे संघाला तेव्हा जाहीर करावं लागतं. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले होते: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. २०२४ च्या मेपर्यंत त्यांतले चार दुसऱ्या संघांना दिले गेले होते. पाचव्या वर्षाचा पर्याय वापरला गेला तो फक्त लॉरेन्सचा.